मरणाची अनुज्ञा

परकीय समाजाची जी चाल आपण सर्वांत कमी समजून घेतलेली असते, तिच्याविषयींच आपलीं मतें बहुधा सर्वांत ठाम असतात. जपानी सामुराईंच्या आत्मबलिदानाचें असेंच झालें आहे. ‘हाराकिरी’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत इतका रुळला आहे कीं, क्रिकेटच्या सामन्यांत फलंदाजांनीं उतावीळपणें एकामागून एक बळी गमावले, तरी त्याला हाराकिरी म्हणण्यांत येतें; आणि आपण कोणत्या गोष्टीचें नांव घेत आहों, याची आठवण लिहिणारालाही होत नाहीं व वाचणारालाही होत नाहीं. ज्यांना ती होते त्यांचे दोन वर्ग पडतात. एका वर्गाला ही चाल निव्वळ रानटी वाटते. दुसऱ्याला तींत मनुष्याच्या निर्भयपणाचा कळस दिसतो. आम्ही पुष्कळ वर्षें ह्या दुसऱ्या वर्गांत होतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. कॉलेजांत असतां नितोबे इनाझो यांचें ‘बुशिदो’ हें पुस्तक हातीं आलें, आणि त्यांतील आत्महत्येवरचें प्रकरण वाचून आम्ही अगदीं भारून गेलों. पुढें मोरी ओगाई यांच्या कथा वाचनांत आल्या, आणि तो भर ओसरला. इतके दिवस आम्ही ‘तो कसा मेला?’ एवढेंच विचारीत आलों होतों. ‘त्याला मरण्याची अनुज्ञा कोणीं दिली, आणि कां दिली?’ हा प्रश्न आम्हांला सुचलाच नव्हता. सेप्पुकुचा इतिहास आणि त्यावर उभारलेलें वाङ्मय ह्या एका प्रश्नाच्या उजेडांत पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दाविषयीं. सेप्पुकु आणि हाराकिरी हे दोन निराळे विधि नव्हत. दोन्ही शब्द ‘पोट’ आणि ‘कापणें’ ह्याच अर्थाच्या दोन अक्षरांनीं लिहितात. क्रम तेवढा उलट. पहिला चिनी वळणाच्या उच्चारानें वाचलेला, म्हणून कागदोपत्रीं शोभणारा; दुसरा देशी, बोलण्यांतला. आपल्याकडे ‘उदर’ आणि ‘पोट’ ह्या शब्दांच्या योग्यतेंत जें अंतर, तेंच येथें आहे. पोटच कां, ह्याचें उत्तर नितोबे असें देतात कीं, प्राचीन समजुतीप्रमाणें अंतःकरणाचें ठाणें पोटांत असतें. तें उघडून दाखविणें म्हणजे आंत मळ नाहीं अशी ग्वाही देणें. मराठी वाचकाला हें समजण्यास कठीण जाऊं नये. आपणही कपट ‘पोटांत’ ठेवतों आणि दुसऱ्याचा अपराध ‘पोटांत’ घालतों. परंतु हें स्पष्टीकरण मरणाराच्या मनाविषयीं सांगून थांबतें. त्याच्या समोर बसलेल्या मंडळींविषयीं तें मुकें आहे. दाखविणें आलें कीं पाहणारा आला, आणि पाहणारा आला कीं निर्णय त्याच्या हातीं गेला. सेप्पुकुचा पुढील सारा इतिहास म्हणजे ह्या पाहणाराचा हात हळूहळू कसा बळावत गेला याचा इतिहास होय.

चालीचा उगम रणांगणावरचा आहे. ११८० सालीं उजी येथें पराभव झाल्यावर वृद्ध योद्धा मिनामोतो नो योरिमासा यानें ब्योदोइन मंदिराच्या आवारांत स्वतःचा अंत करून घेतला. मरणापूर्वीं त्यानें कविता रचली, असें ‘हेइके मोनोगातारी’ ह्या वीरगाथेंत वर्णन आहे. पुढें हीं दोन्हीं लक्षणें, म्हणजे स्वहस्तें मरण आणि निरोपाची कविता, सामुराईच्या आदर्शाला कायमचीं चिकटलीं. योरिमासाला कोणाची अनुज्ञा मागावी लागली नाहीं. शत्रूच्या हातीं जिवंत सांपडूं नये, इतकाच त्याचा हेतु होता, आणि तो कोणत्याही देशाच्या योद्ध्याला समजण्यासारखा आहे.

चारशें वर्षांनंतरचें चित्र निराळें दिसतें. १५८२ सालीं हिदेयोशीनें ताकामात्सुचा किल्ला बांध घालून पाण्यानें वेढला. त्याच सुमारास आपला धनी नोबुनागा याचा विश्वासघातानें अंत झाल्याची बातमी त्याला मिळाली, आणि वेढा लवकर उरकण्याची निकड उत्पन्न झाली. किल्लेदार शिमिझु मुनेहारु यानें मरावें व आंतील शिबंदीस जीवदान मिळावें, असा तह ठरला. मुनेहारु होडींत बसून दोन्ही सैन्यांच्या समोर आला आणि त्यानें सेप्पुकु केला. त्याच्या धैर्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु येथें मरण हें तहाचें एक कलम झालें आहे. त्याची वेळ, जागा व साक्षीदार दुसऱ्यानें नेमलेले आहेत.

तोकुगावा घराण्याच्या शांततेच्या काळांत ह्या कलमाचा कायदा झाला. लढाया थांबल्या, सामुराई राहिले. आणि त्यांना शिक्षा कशी द्यावी हा प्रश्न उभा राहिला. सामान्य गुन्हेगाराचा शिरच्छेद होई; सामुराईला सेप्पुकुची आज्ञा होई. आज्ञा पाळणाराच्या घराण्याचें नांव बट्ट्यापासून वांचे. जहागीर वांचेलच असें मात्र नसे. विधीचीं सर्व अंगें नियमांनीं बांधलीं गेलीं: पांढरीं वस्त्रें, साक्षीला बसणारे अधिकारी, मरणाराच्या दर्जाप्रमाणें घरांतली अथवा अंगणांतली जागा, आणि यातना लांबूं नयेत म्हणून मागें तरवार उपसून उभा राहणारा साहाय्यक, म्हणजे काइशाकु. पुढें पुढें तर खऱ्या शस्त्राऐवजीं नुसता पंखा पुढें ठेवण्याची रीत पडली. मरणारानें पंख्याकडे हात केला, कीं काइशाकुची तरवार मानेवर येई. ह्या पंख्याइतकी बोलकी वस्तु सेप्पुकुच्या सर्व इतिहासांत आम्हांला दुसरी आढळत नाहीं. वस्तुतः तो शिरच्छेदच. पण मरणारा स्वतःच्या हातानें, स्वतःच्या इच्छेनें मेला, ही भाषा राज्यकर्त्यांना हवी होती, आणि खरें म्हणजे मरणारालाही ती हवी होती. शिक्षा देणारा व शिक्षा भोगणारा दोघेही ज्या असत्याला मनापासून मान देतात, तें फार दिवस टिकतें.

ह्याच काळांत दुसरी एक चाल वाढली: धनी वारला म्हणजे त्याच्या सेवकांनीं त्याच्यामागून सेप्पुकु करणें. हिला जपानींत ‘जुन्शी’ म्हणतात. आपण स्वामीसहगमन म्हणूं. १६६३ सालीं शोगुनाच्या सरकारानें ती बंद केली. १७७२ सालीं थेऊर येथें थोरल्या माधवरावांच्या चितेवर रमाबाई सती गेल्या, तो प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत पाणी आणून सांगणाऱ्या आपल्या समाजाला, जुन्शीकडे परकेपणानें पाहून नाक मुरडण्याचा अधिकार नाहीं. ह्या बंदीची एक मौज वाङ्मयाच्या इतिहासांत नमूद करण्यासारखी आहे. सामुराईनें सदैव मरणास सिद्ध असावें, असा उपदेश करणारा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ ‘हागाकुरे’. तो ज्याच्या तोंडून उतरला, त्या यामामोतो त्सुनेतोमोचा धनी नाबेशिमा मित्सुशिगे १७०० सालीं वारला. परंतु मित्सुशिगेनें स्वतःच आपल्या मुलुखांत जुन्शीला बंदी केलेली असल्यामुळें त्सुनेतोमोला मरतां आलें नाहीं. तो भिक्षु झाला, आणि अनेक वर्षें जगून त्यानें मरणाचें तत्त्वज्ञान सांगितलें. तो ग्रंथ अनुज्ञा न मिळालेल्या माणसाचा आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे त्यांतील कित्येक आवेशांचा उलगडा होतो.

आतां वाङ्मयाकडे वळूं. सेप्पुकुचें सर्वांत लोकप्रिय रूप ज्यांत दिसतें तें नाटक म्हणजे ‘कानादेहोन चुशिन्गुरा’. त्यामागचा इतिहास असा: १७०१ सालीं आसानो नागानोरी ह्या सरदारानें शोगुनाच्या वाड्यांत किरा योशिनाका ह्या अधिकाऱ्यावर शस्त्र उपसलें; त्याच दिवशीं त्याला सेप्पुकुची आज्ञा झाली, आणि तीही दुसऱ्या सरदाराच्या वाड्याच्या अंगणांत अमलांत आली. त्याच्या निराश्रित झालेल्या सेवकांनीं जवळजवळ दोन वर्षें वाट पाहून किराला ठार मारिलें, आणि १७०३ सालीं त्यांतील सेहेचाळीस जणांनीं सरकारी आज्ञेवरून सेप्पुकु केला. हें प्रकरण विद्वानांत फार वादग्रस्त झालें. ओग्यू सोराई या पंडिताच्या नांवावर असलेलें मत असें कीं, त्यांचें कृत्य निष्ठेचें असलें तरी कायद्याचा भंग आहे. म्हणून त्यांना चोरांप्रमाणें न मारतां सेप्पुकु द्यावा, म्हणजे निष्ठेचा मानही राहील आणि कायद्याचाही. पंख्याचें सारें राजकारण ह्या मतांत आलें आहे. सरकारला न शोभणारीं माणसें सरकारनेंच गौरवपूर्वक नाहींशीं केलीं, आणि लोकांनींही त्याबद्दल समाधान मानिलें.

नाटक १७४८ सालीं ओसाका येथें बाहुल्यांच्या रंगभूमीवर प्रथम झालें. चौथ्या अंकांत एन्या हान्गान, म्हणजे नाटकांतला आसानो, सेप्पुकु करितो. हा प्रवेश चालू असतां प्रेक्षागृहांत कोणाला येऊं जाऊं द्यावयाचें नाहीं असा संकेत आहे. पण आमच्या मतें नाटककारांची खरी दृष्टि सहाव्या अंकांत दिसते. काम्पेई हा हान्गानाचा सेवक, धन्याच्या संकटकाळीं प्रियेच्या संगतींत गुंतलेला असल्यामुळें जवळ नव्हता. कटांत प्रवेश मिळावा म्हणून तो तळमळत असतो. अंधारांत आपल्या बंदुकीच्या गोळीनें सासरा मेला अशी त्याची समजूत होते, आणि आरोप होतांच तो पोटांत शस्त्र खुपसतो. मग कळतें कीं, गोळी लागली ती सासऱ्याला नव्हे, सासऱ्याच्या मारेकऱ्याला. तेव्हां कुठें मरणोन्मुख काम्पेईचें नांव कटाच्या पत्रावर चढतें, आणि तो त्यावर आपल्या रक्ताचा ठसा उमटवितो. प्रेक्षक रडतात; परंतु जिवंतपणीं ज्याला प्रवेश मिळेना त्याला मरतांनाच तो मिळावा, ह्यांतील कठोरपणा नाटककारांना कळला नव्हता, असें आम्हांस वाटत नाहीं.

पाश्चात्त्यांना ह्या विधीचें पहिलें प्रसिद्ध प्रत्यक्षदर्शी वर्णन मिळालें तें ए. बी. मिटफर्ड यांच्या ‘टेल्स ऑफ ओल्ड जपान’ (१८७१) ह्या पुस्तकांतून. कोबे येथें परदेशी लोकांवर गोळीबार करण्याचा हुकूम दिल्याबद्दल ताकी झेन्झाबुरो ह्या बत्तीस वर्षांच्या अधिकाऱ्याला १८६८ सालीं सेप्पुकुची शिक्षा झाली, आणि ती पाहण्यास सात परदेशी साक्षीदार हजर होते. मिटफर्ड त्यांतले एक. त्यांचें वर्णन संयमित व आदरयुक्त आहे. काइशाकु म्हणून उभा राहिलेला मनुष्य झेन्झाबुरोचाच शिष्य होता, ही त्यांनीं सांगितलेली गोष्ट विसरतां येत नाहीं. नितोबे यांनीं १९०० सालीं इंग्रजींत ‘बुशिदो’ लिहितांना हेंच वर्णन उतरून घेतलें, आणि केटो, सॉक्रेटिस इत्यादि पाश्चात्त्य उदाहरणांच्या रांगेंत सेप्पुकुला बसविलें. त्यांची अडचण आम्ही समजूं शकतों. जपान रानटी नाहीं हें त्यांना परक्यांना पटवावयाचें होतें, आणि परक्यांच्याच देव्हाऱ्यांतील मूर्ति दाखविल्यावांचून तें पटण्यासारखें नव्हतें. परंतु ह्या वकिलीच्या भरांत एक गोष्ट मागें पडली. झेन्झाबुरोला क्षमा करावी कीं नाहीं ह्याचा परदेशी वकिलांनीं बराच खल केला, आणि क्षमा न करण्याचें ठरविलें. एका नवीन सरकारला परदेशी राष्ट्रांची मर्जी राखावयाची होती, आणि तिची किंमत एका मनुष्यानें दिली. ताकामात्सुच्या होडींतला मुनेहारु आणि हा झेन्झाबुरो ह्यांत आम्हांस फरक दिसतो तो एवढाच कीं, मुनेहारुच्या मरणानें त्याचे लोक तरी वांचले.

सेप्पुकु ही कायद्यांतील शिक्षा १८७३ सालीं रद्द झाली. त्यापूर्वीं चारच वर्षें, १८६९ सालीं, ती बंद करण्याची सूचना तेथील नव्या सभेपुढें आली असतां २०९ सभासदांपैकीं २०० जण विरुद्ध गेले व तिघेच अनुकूल निघाले, असें मिटफर्ड यांनीं नमूद केलें आहे. कायदा गेला तरी मन कसें गेलें नव्हतें, हें १९१२ सालीं दिसून आलें. सम्राट मेइजी यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशीं, १३ सप्टेंबरला, सेनापति नोगी मारेसुके यांनीं आपल्या घरीं सेप्पुकु केला. त्यांची पत्नी शिझुको हिनेंही त्याच वेळीं प्राण दिला. १८७७ च्या बंडांत आपल्या पलटणीचें निशाण गमावल्याचें शल्य नोगींनीं अखेरच्या पत्रांत लिहून ठेवलें होतें. सारा देश हादरला. कित्येकांनीं स्तुति केली, कित्येकांनीं हें जुनें खूळ म्हणून टीका केली. सैन्यांतील वरिष्ठ वैद्य आणि श्रेष्ठ साहित्यिक मोरी ओगाई ह्यांचा नोगींशीं परिचय होता. त्यांनीं तत्काळ ‘ओकित्सु यागोएमोनचें अखेरचें पत्र’ ही जुन्शीला आदरानें वाहिलेली कथा लिहिली. पण तेवढ्यानें त्यांचें मन स्वस्थ झालें नसावें. कारण १९१३ च्या जानेवारींत त्यांनीं ‘आबे इचिझोकु’, म्हणजे ‘आबे कुटुंब’, ही कथा प्रसिद्ध केली. सेप्पुकुवरील वाङ्मयांत आम्ही हिलाच अग्रस्थान देतों.

१६४१ सालीं कुमामोतोचा अधिपति होसोकावा तादातोशी आजारी पडून वारतो. अठरा सेवकांना त्याच्यामागून मरण्याची अनुज्ञा मिळालेली असते. अनुज्ञेवांचून मेला तर तें कुत्र्याचें मरण; अनुज्ञा मिळाली तर घराला मान, वारसाला अन्न. सतरा वर्षांचा नाइतो चोजुरो धन्याचे पाय चेपतां चेपतां अनुज्ञा मागतो. ओगाई त्याच्या मनांत शिरून पाहतात आणि त्यांना तेथें दोन गोष्टी शेजारीं शेजारीं बसलेल्या दिसतात: धन्यावरची खरी माया, आणि आपण मेलों नाहीं तर लोक काय म्हणतील ही धास्ती. कोणती खरी, ह्याचा निवाडा ते करीत नाहींत. मरणाच्या दिवशीं चोजुरो थोडी साके पिऊन झोपतो, घर निःशब्द, अखेर आई सुनेला सांगते, त्याला उठव. ह्या प्रसंगांत आक्रोशाचा एक शब्द नाहीं, आणि त्यामुळेंच वाचकाचा जीव गुदमरतो. तादातोशीलाही ओगाई सोडीत नाहींत. नाहीं म्हटलें तर हीं माणसें उद्यां कृतघ्न ठरतील. शिवाय नव्या धन्याच्या काळीं जुनीं माणसें अडचणीचींच. तेव्हां मरूं देणें हीच कदाचित् दया होईल, असा विचार करीत तो एकेकाला होकार देतो. दयाळु मनुष्य दयेपोटींच अठरा माणसांना मरणाच्या वाटेला लावितो!

आबे याइचिएमोनला मात्र होकार मिळत नाहीं. तो कामांत निर्दोष आहे, पण धन्याला तो मनापासून आवडत नाहीं, कारण एवढेंच. ‘जग आणि माझ्या मुलाची सेवा कर,’ अशी त्याला आज्ञा होते. ती पाळतांच गांवांत कुजबुज सुरू होते कीं, ह्याला जीव प्यारा. अखेर तो मुलांना जवळ बोलावून त्यांच्यादेखत सेप्पुकु करितो. तरी अनुज्ञा नव्हती ती नव्हतीच. सरकार त्याची जहागीर मुलांत वांटून वडील मुलगा गोम्बेई याचा दर्जा उतरवितें. गोम्बेई धन्याच्या वर्षश्राद्धाला आपली शेंडी कापून समाधिपट्टापुढें ठेवतो, आणि त्याला हलक्या गुन्हेगारासारखें बांधून ठार करण्यांत येतें. भाऊ म्हणतात, सेप्पुकुची आज्ञा असती तर आम्हीं मुकाट्यानें सोसलें असतें. हा अपमान सोसवणार नाहीं. ते वाड्याचे दरवाजे बंद करितात. म्हातारीं माणसें आणि बायका स्वतः मरतात, मुलें मारलीं जातात, आणि सरकारी हल्ल्यांत सारें कुटुंब नामशेष होतें. वरच्या माणसाची एक अकारण नावड, आणि तिचा हा शेवट. ओगाई कोठेंही धिक्कार करीत नाहींत. जमाखर्चाच्या वहीसारखी ती कथा पुढें जाते, आणि बेरीज वाचकानें करावयाची असते.

ह्या कथेंतील एक लहान प्रसंग मुद्दाम सांगतों. मरणाऱ्या अठरांत धन्याच्या शिकारी कुत्र्यांची देखभाल करणारा गोसुके हा हलक्या दर्जाचा सेवक आहे. तो आपल्या कुत्र्यापुढें भाताचा मुटका ठेवून त्याला विचारतो: जगावयाचें असेल तर हा खा, माझ्याबरोबर मरावयाचें असेल तर खाऊं नको. कुत्रा त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो, खात नाहीं. साऱ्या कथेंत ‘तुला जगावयाचें आहे का?’ हा प्रश्न मोकळेपणानें विचारला जातो तो ह्या एका प्राण्याला. माणसांना तो कोणीच विचारीत नाहीं. त्यांना फक्त होकार किंवा नकार मिळतो.

ओगाईंच्या ‘साकाई प्रकरण’ (१९१४) ह्या कथेविषयीं आमचें मत इतकें अनुकूल नाहीं. १८६८ सालीं फ्रेंच खलाशांना मारल्याबद्दल तोसा संस्थानच्या वीस शिपायांना मरणाची आज्ञा होते. बहुतेकांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली. हे खालच्या दर्जाचे शिपाई असूनही सामुराईप्रमाणें मरण्याचा हक्क मागतात. अकरा जणांनंतर फ्रेंच साक्षीदार उठून जातात आणि नऊ वांचतात. कथा प्रभावी आहे. परंतु येथें लेखक त्या अकरांच्या शौर्यानें थोडा दिपला आहे, असें वाटतें, आणि ओओका शोहेई ह्या पुढील पिढींतील कादंबरीकारानें तर ओगाईंनीं इतिहासाची कांटछांट केल्याचा उघड आरोप केला. मात्र सामुराईपणाचा जो मान त्या शिपायांना हवा होता, तो वांचलेल्यांना शेवटपर्यंत मिळालाच नाहीं, ही नोंद कथेच्या अखेरीस ओगाईंनींच केली आहे, हें विसरतां कामा नये.

ओगाईंनीं जो प्रश्न हळू आवाजांत विचारला, तो पुढें मोठ्यानें विचारला गेला तो चित्रपटांत. कोबायाशी मासाकी यांचा ‘सेप्पुकु’ (१९६२) ताकिगुची यासुहिको यांच्या कथेवर आधारलेला असून १६३० सालच्या काळांत घडतो. पोटाला अन्न नसलेला तरुण मोतोमे ई घराण्याच्या वाड्यांत येऊन सेप्पुकुसाठीं जागा मागतो. कांहीं मदत देऊन आपल्याला वाटेला लावतील, ही त्याची आशा. वाड्यांतील मंडळी त्याला खरोखरच मरावयास लावतात, आणि आजारी बायकोमुलासाठीं त्यानें पोलाद विकून म्यानांत बांबूचें पातें ठेवलेलें असल्यामुळें, त्याच पात्यानें मरावयास लावतात. त्याचा सासरा हान्शिरो पुढें येऊन जाब विचारतो आणि झुंजत मरतो. मग घराण्याच्या रोजनिशींत सारें कांहीं नियमाप्रमाणें झाल्याची नोंद होते, आणि वाड्यांतील पूर्वजांचें मोडलेलें चिलखत पुनः जुळवून जागेवर ठेवण्यांत येतें. मान कोणाचा राखला गेला, ह्याचें याहून स्पष्ट उत्तर कोणत्या ग्रंथांत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ह्याच्याच सुमारास, १९६१ सालीं, मिशिमा युकिओ यांनीं ‘युकोकु’ ही कथा लिहिली. १९३६ च्या लष्करी बंडानंतर एक तरुण अधिकारी आणि त्याची पत्नी मरण पत्करतात. भाषेचें तेज विलक्षण आहे, हें मान्य करूं. परंतु पत्नी नवऱ्याजवळ बरोबर येण्याची अनुज्ञा मागते आणि तो ती देतो, तेथें आम्ही थबकतों. होसोकावाच्या दरबारांत जें घडलें तें येथें माजघरांत घडत आहे, आणि लेखकाला त्यांत सौंदर्याखेरीज कांहीं दिसत नाहीं. १९७० सालीं २५ नोव्हेंबरला टोकियोच्या इचिगाया येथील सैनिकी कचेरींत मिशिमांनीं स्वतः तो विधि केला. खालीं जमलेल्या सैनिकांनीं त्यांच्या भाषणाची टर उडविली होती. अनुज्ञा देणारा धनी नाहीं, निष्ठा स्वीकारणारें कोणी नाहीं, अशा काळीं विधीचें नुसतें रूप उरलें. आणि त्या रूपासाठीं एका थोर लेखकानें आपला जीव घालविला, ह्याचें आम्हांस दुःख वाटतें, गौरव वाटत नाहीं.

मुनेहारु, झेन्झाबुरो, चोजुरो ह्यांच्या धैर्याला आम्ही उणेपणा आणूं इच्छीत नाहीं. तें धैर्य त्यांचें होतें, आणि खरें होतें. त्याचा उपयोग करून घेणारे दुसरे होते, एवढेंच आमचें सांगणें आहे. आणि जें वाङ्मय मरणाराच्या चेहऱ्यावरील शांति तेवढी दाखवून थांबतें, तें नकळत त्या दुसऱ्यांची चाकरी करितें. ज्या वाचकांना ह्या विषयाची गोडी असेल त्यांनीं ‘बुशिदो’ अवश्य वाचावें; परंतु त्याआधीं ‘आबे कुटुंब’ वाचावें. आम्हीं तीं उलट क्रमानें वाचलीं, आणि मधलीं कित्येक वर्षें एका पंख्याला शस्त्र समजत राहिलों.